गॅलरीखालच्या बल्ल्या

२२ सप्टेंबर

"माह्यावर ओरडू नका, हिच्यावर ओरडा," असं म्हणून धुरपतानं ही डायरी माझ्या ताटाजवळ आपटली. आमच्या पोरीच्या, शालूच्या लग्नात कोणीतरी दिली होती, कोरीच पडून होती. माझं बीपी पाहून डॉक्टरनं बायकोलेच दम दिला म्हणे, लांजेवार साहेबांना राग येऊ देऊ नका. जशी काही माझ्या रागाची किल्ली हिच्याच कमरेले आहे! बरं बाप्पा, लिहितो.

आजचा राग वीरेंद्र ठेकेदारावर. मी सरकारी खात्यातून ओव्हरसियर म्हणून रिटायर झालो, तसा हा घरी येऊन पाया पडला. "काकाजी, दोन नवे इंजिनियर घेतले, यंदाच पास झाले. तुमी त्यांच्या डोक्यावर हात ठेवा, तयार करा त्याह्यले." मी हो म्हटलं. घरी बसून कुलरची घास बदलण्यापेक्षा बरं. आज मोहटोल्याच्या साइटवर गेलो. पवनीच्या पुढे आहे गाव. तिथे ग्रामपंचायतीचं सभागृह चालू आहे, खाली हॉल, वर एक खोली, अन् समोर रस्त्यावर निघालेली मोठी गॅलरी.

प्रितम हटवार साकोलीकडचा. बूट नवेकोरे. मी म्हटलं, ओळंबा धरून दाखव. धरला, तर हवेनं हलून राहिला, अन् हा त्याच्यासंगं मान हलवून राहिला. मी म्हटलं, लेका, चार वर्षं कॉलेजात कोणाच्या नावानं डबा खाल्ला? दुसरी खुशबू तितीरमारे, नाकाडोंगरीची, बापाचं किराणा दुकान. ती म्हणते, "सर, वारं असलं का ओळंबा पाण्याच्या बादलीत सोडतात ना?" मी तिले विचारलं होतं काय? पहिल्याच दिवशी पोरीले तोंड फुटलं.

२७ सप्टेंबर

डोस्कं फुटायची वेळ आली आज.

खांब भरले होते. सिमेंटले पाणी पाहिजे, लहान लेकरासारखं वेळेवर. खांबाले तणीस, धानाचं वाळलं गवत, गुंडाळून दिली, प्रितमले सांगतलं, सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचं. सकाळी जाऊन पाहतो तर तणीस कोरडी ठक्क, हात लावला तर चरचर वाजते. विचारलं, काल संध्याकाळी पाणी मारलं?

"नाही सर. राहून गेलं."

राहून गेलं! मी त्याच्या हातात दोन बादल्या दिल्या अन् मोटर बंद करायले लावली. विहिरीतून काढून आण, म्हटलं, इंजिनियर साहेब. दिवसभर आणवलं त्याच्याकडून, सगळ्या मजुरांपुढे. बाया पदर तोंडाले लावून हसत होत्या, मिस्त्री हसत होता. संध्याकाळी पोराच्या हाताले फोड आले होते. येऊ दे. फोड आले का लक्षात राहते.

जेवणाच्या सुट्टीत खुशबू आली. "सर, त्यानं खरं सांगतलं ना." मी म्हटलं, मग आरती करू का त्याची? ती गेली, पण जाताना तिनं त्याची एक बादली उचलली. मी पाहिलं ते. तिले वाटलं, मी पाहिलं नाही.

४ ऑक्टोबर

दसरा झाला. सांगायची गोठ अशी, का प्रितम एकदम लाइनवर आला. काही विचारा, पोट्टा ताठ उभा राहून म्हणते, "हाव सर." रेती चाळली? हाव सर. सळाख मोजून घेतली? हाव सर. पुन्हा कधी 'राहून गेलं' ऐकू आलं नाही. वीरेंद्रसेठ खूष आहे. मी म्हटलं, पाह्य, याले म्हणतात तयार करणं. आमच्या वेळी आमचे साहेब स्केल फेकून मारत.

खुशबूचं मात्र 'काहून' संपत नाही. काहून सर एवढंच पाणी, काहून सर स्लॅबखाली टेकूले एवढ्याच बल्ल्या. मी तिले म्हटलं, तू इंजिनियर आहेस का वकील? दात काढते अन् पुन्हा विचारते. घरी येऊन धुरपताले हे सांगत होतो तर ती म्हणे, "रोज तिचीच गोठ सांगता तुमी. त्या पोराची तर कधी सांगत नाही." सांगायसारखं काही करते का तो? कामाचा पोट्टा आहे, काम करते.

१३ ऑक्टोबर

स्लॅब पडला. नारळ फोडला, मजुरांना मटण-भात झाला. पण दिवसाची सुरुवात नासली ती नासलीच.

मिक्सर चालू व्हायच्या आधी सरपंच तेजरामजी चार माणसं घेऊन पाहायले आले. मी त्यांना समजावून सांगत होतो, की गॅलरीच्या खाली खांब नसते, ती भिंतीतून नुसती बाहेर लटकते. म्हणून तिचं लोखंड वरच्या अंगाले पाहिजे, कारण अशी गॅलरी वरून फाटते. लोखंड खाली बसलं तर ते असून नसल्यासारखं. सरपंच मान हलवून राहिले होते. तेवढ्यात खुशबू वरून ओरडते, "सर, गॅलरीच्या जाळीखाली घोड्या कमी लागल्या! मजूर तुडवतील, जाळी खाली बसून जाईल."

घोडी म्हणजे सळाखीची जाळी उचलून धरणारा लोखंडाचा वाकडा तुकडा. बरोबर होतं का चूक, तो प्रश्नच नाही. सरपंचापुढे? मी बोलून राहिलो असताना? मी तिले खाली बोलावलं, अन् म्हटलं, तू आताच्या आता पवनीले जा, नाश्त्याची व्यवस्था पाहा. ती म्हणे, "सर, स्लॅबच्या दिवशी मी नाश्ता आणू?" मी म्हटलं, हाव, आण. चेहरा लाल झाला तिचा. गेली.

मग प्रितमले सांगतलं, वर जाऊन दहा-बारा घोड्या टाकून घे. माझे टोंगळे दुखतात, शिडी चढू देत नाहीत. काम चालू झालं. मधात मी खालून ओरडून विचारलं, गॅलरीची जाळी वर आहे ना बे?

"हाव सर!"

याले म्हणतात उत्तर. एका शब्दात.

२६ ऑक्टोबर

दिवाळी शालूकडे झाली. इकडे वरच्या खोलीच्या भिंती, जिना अन् कठडा झाला, आता सगळं गाव बांदीत, धान कापणीवर. मजूर एक नाही. स्लॅबवर पाणी प्रितम-खुशबूच मारून राहिले.

तेजरामजी घरी आले. आठ तारखेले मोहटोल्याची मंडई आहे, दरसालची जत्रा. लेकी-जावई येतात, पाहुणे येतात, दुकानं लागतात, दुपारी सभागृहापुढे ढोलकीवर दंडारीचा नाच होणार. म्हणे, "साहेब, समोर बल्ल्यांचं जंगल दिसते. तेवढं काढून द्या. गॅलरीत बायांना बसवू, यंदा बसल्या-बसल्या दंडार पाहतील. गावाची शान होईल." मी म्हटलं, तोवर बल्ल्या ठेवायचे नियमाचे दिवस भरतात, काढून देऊ. चहा पिऊन गेले. मले 'साहेब' म्हणणारा माणूस रिटायरमेंटनंतर पहिल्यांदा घरी आला, हे धुरपताच्याही लक्षात आलं. तिनं चिवडा काढला.

५ नोव्हेंबर

पेन दाबून लिहितो आज. कागद फाटला तरी फाटू दे.

मी सकाळी सांगतलं, उद्यापासून गॅलरीच्या बल्ल्या काढायच्या. खुशबू म्हणे, "नका काढू सर." काहून? "मले भरोसा नाही गॅलरीवर." कायच्यावरून? प्रितमकडे पाहिलं तिनं, तो जमिनीकडे पाहून राहिला. मग म्हणे, "भिंतीजवळ वरून थोडं फोडून पाहू सर. जाळी किती खाली आहे ते दिसंल. दहा मिनिटाचं काम आहे."

नवीन काम फोडायचं! मंडईच्या तोंडावर, गावापुढे! मी म्हटलं, तुले भरोसा नाही? तुह्या वयाच्या दुप्पट वर्षं मी स्लॅब टाकले. तू स्लॅब पडताना होती का वर? नव्हती ना? मग तुले कोणी सांगतलं? "कोणी नाही सर." मग स्वप्न पडलं?

मिस्त्रीले म्हटलं, आताच काढ. उद्या नाही, आता. तर या पोट्टीनं काय करावं? मिस्त्रीची प्लास्टिकची खुर्ची उचलली, गॅलरीच्या खाली नेऊन ठेवली अन् बसली. वरून डबा उघडला. मिस्त्री हातात हातोडी घेऊन उभा. म्हणे, साहेब, बाई खाली बसली असताना मी बल्लीखालची पाचर ठोकून कशी काढू?

गाव जमलं. पोरं शिट्ट्या मारून राहिले. कोणी म्हणे, उपोषण आहे का? मी ओरडलो. पुष्कळ ओरडलो, काय बोललो ते इथे लिहित नाही. तिचे डोळे भरले होते पण ती खाऊन राहिली होती. उठली नाही ते नाहीच. माझ्या सगळ्या नोकरीत माझ्याशी असं कोणी वागलं नाही. एक्झिक्युटिव्ह इंजिनियरनंही नाही.

मी तिथूनच वीरेंद्रले फोन लावला. ही राहील नाहीतर मी राहीन.

६ नोव्हेंबर

ती नाही आली. वीरेंद्रनं तिले येऊ नको म्हणून सांगून दिलं. पहिलीच नोकरी होती, बापानं जवाहरनगरच्या एका ओळखीच्या माणसाले सांगून तिले एक खोली भाड्यानं घेऊन दिली होती, असं प्रितम म्हणाला. मी म्हटलं, मग तोंड सांभाळायचं होतं.

मले पवनीले दवाखान्यात जायचं होतं, म्हणून प्रितमवर सोडलं. संध्याकाळी फोन केला. बल्ल्या काढल्या?

"हाव सर."

साऱ्या?

"हाव सर."

जेवताना धुरपता म्हणे, आज तर राग नाही ना कोणावर? नाही म्हटलं. पण जेवण गेलं नाही.

८ नोव्हेंबर

मंडई झाली. झाली म्हणजे काय झाली, ते लिहितो.

अकरा वाजता गेलो. मले हार घातला. सभागृह असं सजवलं होतं! गॅलरीपासून खालपर्यंत मंडपाचं लाल-पिवळं कापड सोडलेलं, समोर पताका. दोन्ही बाजूंच्या बल्ल्या गेल्या होत्या, दर्शनी भाग मोकळा दिसत होता. मी प्रितमची पाठ थोपटली. पोट्ट्याचा शर्ट घामानं ओला होता. नोव्हेंबरात. मी म्हटलं, काय बे, ताप आहे का? "नाही सर." मंडईची धावपळ, मले वाटलं.

दुपारी ढोलकी वाजली अन् बाया वर चढल्या. म्हाताऱ्या, लेकुरवाळ्या, माहेरी आलेल्या लेकी. गॅलरी भरून गेली. मी सरपंचाच्या बाजूले पहिल्या रांगेत. दंडारवाले नाचून राहिले अन् प्रितम? तो दंडारीकडे पाठ करून त्या मंडपाच्या कापडाजवळ उभा. कोणी पोरगं तिकडे गेलं का हाकलते. मले राग आला. पाहुण्यांपुढे हा काय चौकीदारासारखा उभा राहते? उठून गेलो.

"सर, इकडे नका येऊ."

आयुष्यात पहिल्यांदा त्यानं मले असं म्हटलं. मी त्याले बाजूले सारलं अन् कापड उचललं.

मधल्या तीन बल्ल्या जागच्या जागी उभ्या. कापडाच्या मागे लपवून ठेवलेल्या.

माझ्या डोक्यात रक्त चढलं. मले खोटं सांगतलं! साऱ्या काढल्या म्हणे! चोर लेकाचा! मी लाथ उगारली, पाचर उडवून बल्लीच पाडतो म्हणून. त्यानं खाली बसून माझा पाय धरला. दोन्ही हातांनी. "हात नका लावू सर. पाय पडतो तुमच्या. जाळी खाली आहे. ती खाली बसली होती सर."

मी बल्लीले हात लावला. गॅलरी आपल्या बळावर उभी असती तर एवढ्या दिवसांत बल्ली हातानं हलली असती, पाचर सैल झाली असती. ही हलेना. पाचर लाकडात रुतून बसली होती. बल्लीतून कुरकुर येत होती, वर बाया टाळ्या वाजवत होत्या अन् ती कुरकुर माझ्या तळहाताले लागत होती.

टोंगळ्यांचं दुखणं कुठे गेलं माहीत नाही, मी जिना चढलो. दरवाजाच्या उंबऱ्याशी, जिथे गॅलरी भिंतीतून निघते, तिथे या टोकापासून त्या टोकापर्यंत भेग. खिळा जाईल एवढी.

ओरडायले तोंड उघडलं अन् मिटलं. ओरडलो असतो तर साऱ्या एकदम उठल्या असत्या, धक्काबुक्की झाली असती, अन् गॅलरी गेली असती. मी काय बोललो? मी म्हटलं, "बायांनो, खाली पहिल्या रांगेत खुर्च्या मांडल्या तुमच्यासाठी, सरपंचानं. साडीचोळी पण आहे. एक-एक करून या, आधी लेकुरवाळ्या." खोटं, साफ खोटं. धुरपतानं ऐकलं असतं तर ओळखलं नसतं तिनं मले, इतका गोड आवाज काढला मी.

उठल्या. एक मनकर्णाबाई म्हणून म्हातारी आहे, ती कठड्याले चिकटून बसली. "मी सकाळपासून जागा धरून आहो. मले नको तुही साडी." मी म्हटलं, माय, चल ना वो. "नाही येत, जाय!" बाकी साऱ्या उतरल्यावर मी तिले उचलून आणली. पाठीवर बुक्के मारून राहिली होती, अन् खाली सारं गाव हसत होतं. त्याह्यले तोही दंडारीचाच भाग वाटला.

मग मी दरवाजाले कुलूप लावलं, खाली आलो अन् तेजरामजींना सांगतलं. ते आधी घरच्यांकडे धावले. त्यांची सून, नातू वरच होते. साडीचोळीची उधारी आता त्यांच्यावर.

९ नोव्हेंबर

फोडून पाहिलं. प्रितमच्या हातानंच फोडलं. वरून एक इंच, दोन इंच, तीन इंच, लोखंड नाही. लागलं ते खालच्या अंगाले.

मी विचारलं, तू 'हाव' काहून म्हणाला बे? त्या दिवशी मी खालून विचारलं तेव्हा?

त्यानं छिन्नी खाली ठेवली. मग म्हणे, "घोड्या टाकायच्या राहूनच गेल्या होत्या सर. जाळी तुडवल्या गेली होती. नाही म्हटलं असतं तर तुमी काम थांबवलं असतं. सरपंच होते. साऱ्यांपुढे तुमी..." हाताच्या फोडांच्या जागी आता घट्टे आहेत, तेच पाहत बसला.

मले समजत नाही. चार बोल ऐकावे लागले असते, एवढंच ना? त्यासाठी माणसं मारायची? मी काही वाघ आहे का?

खुशबूले त्यानंच सांगतलं होतं, दिवाळीत. तिनं त्याचं नाव घेतलं नाही. जाताना त्याले म्हणाली म्हणे, "मधल्या तीन काढू नको. सरांना सांग काढल्या म्हणून. ओरडले तर ओरडू दे."

१२ नोव्हेंबर

वीरेंद्र साइटवर आला. म्हणे, "काकाजी, खालून दोन खांब देऊन टाकू, प्लास्टर मारू, कोणाले काय समजते?" मी त्याले असा झाडला का समोरच्या चहावाल्यानं शटर खाली ओढलं. तुही बायको बसव वर, म्हटलं. मग दे खांब. गॅलरी पूर्ण पाडायची, नवीन टाकायची. त्यानं मान्य केलं. तेजरामजी मागे उभे होते, म्हणून मान्य केलं.

संध्याकाळी खुशबूले फोन लावला. म्हटलं, चूक झाली, तू परत ये, सेठशी मी बोललो. ती म्हणे, "तुमची तब्येत कशी आहे सर?" मी म्हटलं, तब्येत मर गई, येते का नाही ते सांग. "नाही येत सर." नागपूरले काम लागलं का? "नाही. अजून कुठेच नाही." मग? घरी बसून राहशील? बापाच्या दुकानात साखर तोलशील? शिकलेली पोरगी!

"मी आली तर तुमी पुन्हा मले नाश्ता आणायले लावाल सर. आज नाही, चार महिन्यांनी. अन् प्रितमचं नाव सांगतलं असतं ना, तर तुमी गॅलरी पाहिली नसती. आधी त्याले पाहिलं असतं."

मी म्हटलं, मोठी झाली बोलायले! फोन तिनं ठेवला नाही, मीच ठेवला. मी स्वतः फोन करतो, चूक कबूल करतो, अन् हिले एवढा कायचा राग? पोरीच्या जातीले एवढा राग बरा नाही. धुरपता दाळ घोटत ऐकत होती. तिचाही राग आला.

१४ डिसेंबर

आज नवीन गॅलरी भरली. वीरेंद्रनं दुसरा एक नवा पोरगा पाठवला. त्यानं ओळंबा पाहून विचारलं, हे काय आहे. आता दोघं जण 'हाव सर' म्हणतात.

काम चालू व्हायच्या आधी प्रितमले बाजूले घेतलं. म्हटलं, पाह्य, मागचं झालं ते झालं. यापुढे जे झालं नसंल ते तोंडावर सांगायचं, नाही सर, झालं नाही. मी काही म्हणणार नाही. ऐकू आलं का? मी ओरडणार नाही! मजूर थांबून पाहायले लागले, तेव्हा मले समजलं का माझा आवाज चढला. कमी केला. पुन्हा सांगतलं, हळू. भ्यायचं नाही मले. समजलं?

"हाव सर."

जाळीखाली घोड्या बरोबर आहेत?

"हाव सर."

ताठ उभा होता, डोळे माझ्या शर्टाच्या बटनावर. खरं बोलून राहिला का खोटं, हे मले त्या तोंडावरून काही केल्या वाचता येईना. आधी वाटायचं, येते. मी मिक्सर थांबवायले लावला, टोंगळ्यांना बाम चोळला अन् भिंत धरून जिन्याची एकेक पायरी चढलो.